जुन्या गाडीचे साल

दोन दारांची, बुटक्या बांध्याची आणि केवळ वेगाच्या आनंदासाठी घडविलेली विलायती मोटार नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर दिसली असेल तर क्वचितच. कारण येथील मोटारींचा इतिहास हा जीपचा, अँबॅसिडरचा, फियाटचा आणि बाजार समितीच्या आवारात रांग धरून उभ्या राहणाऱ्या मालमोटारींचा इतिहास आहे. परंतु वेगाची ओढ ही काही मुंबई-पुण्याचीच मिरास नव्हे. मराठवाड्याच्या तरुणाने ती ओढ दोन चाकांवर भागविली, आणि ज्या दोन यंत्रांनी ती सर्वाधिक भागविली ती यामाहा आरएक्स १०० आणि राजदूत ३५० ही होत. आज या दोहोंचेही उत्पादन थांबून दशके लोटली आहेत. तरीही लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादेपर्यंत कोणत्याही जुन्या मिस्त्रीच्या दुकानासमोर क्षणभर उभे राहिले, तर ‘आरएक्स आहे का कुठं, चांगल्या मॉडेलची?’ हा प्रश्न ऐकू आल्यावाचून राहत नाही. चांगले मॉडेल म्हणजे कोणत्या सालचे, आणि ते साल ओळखावे कसे, या विषयी जी ऐकीव माहिती फिरत असते तिच्यात खरे आणि खोटे इतके मिसळून गेले आहे की, एखाद्या होतकरू ग्राहकाचे कष्टाचे पैसे बुडण्यापूर्वी तिची नीट छाननी होणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत किंवा युरोपात जुन्या मोटारींचे शौकीन अमुक सालची मोटार तमुक सालच्या मोटारीहून श्रेष्ठ असे जेव्हा म्हणतात, तेव्हा त्या दोन सालांत कारखान्याने रूप, इंजिन वा गियर उघडपणे बदललेले असतात. आपल्याकडे परवाना-पद्धतीच्या त्या काळात एकदा मिळालेला आराखडा वर्षानुवर्षे तसाच चालत असे. टाकी तीच, दिवा तोच, आसन तेच. बदल होत तो आतून आणि गुपचूप. परदेशातून पेट्यांमधून आलेले सुटे भाग येथे जोडून पहिल्या गाड्या निघत, आणि मग सरकारच्या धोरणानुसार एकेक भाग क्रमाक्रमाने देशी होत जाई. यास्तव आपल्या जुन्या गाडीचे साल हे तिच्या रूपाविषयी फारसे काही सांगत नाही. तिच्या पोटातील किती धातू जपानचा आणि किती हिंदुस्थानचा, एवढेच ते सांगते.

१९८४ ते १९८६ या अल्पावधीत चार जपानी कंपन्यांच्या शंभर सीसीच्या गाड्या भारतात अवतरल्या. इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सने आणलेली यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी-बजाजची केबी १००. यांपैकी होंडा तेवढी फोर-स्ट्रोक, बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे आकाराने लहान आणि वजनाने हलके असूनही टू-स्ट्रोक यंत्र हाताच्या पिळासरशी उसळून पुढे जाते, आणि त्याच गुणाची किंमत ते अधिक पेट्रोल पिऊन व अधिक धूर सोडून वसूल करते. आरएक्स १००चा सिलिंडर ५० मिलिमीटर व्यासाचा आणि दट्ट्याची धावही ५० मिलिमीटरचीच, म्हणजे आकारमान ९८ सीसी. शक्ती ११ अश्वशक्ती आणि वजन सुमारे शंभर किलो. हे आकडे आजच्या तरुणास किरकोळ वाटतील. पण ज्या रस्त्यांवर तोवर जड आणि मंद गाड्यांचेच राज्य होते, तेथे अकरा घोड्यांनी शंभर किलो ओढणे म्हणजे काय, हे त्या काळी लोहा-अहमदपूरचा रस्ता तुडविलेल्या कोणत्याही शिक्षकास वा विमा-प्रतिनिधीस विचारावे.

नोव्हेंबर १९८५ पासून मार्च १९९६ पर्यंत ही गाडी बनत होती. पहिल्या खेपांचे भाग जपानहून आलेले होते, आणि येथूनच ‘जपान इंजिन’ या दंतकथेचा उगम झाला. कार्ब्युरेटरवर जपानचा ठसा, क्रँक जपानचा, सिलिंडर जपानचा, असे सांगून पहिल्या तीन-चार वर्षांच्या गाडीस विकणारा मागेल तो दाम मागतो. दंतकथेत तथ्य नाही असे नव्हे: ते धातुकाम उत्तम होते आणि त्यातील सफाई हाताला जाणवते. परंतु साडेतीन-चार दशकांत ज्या गाडीचा सिलिंडर दोनदा-तीनदा बोअर झाला, जिच्या क्रँकमध्ये नवी कनेक्टिंग रॉड बसली आणि जिचा कार्ब्युरेटर केव्हाच बदलला गेला, तिच्यात जपानचे असे उरले काय? तेव्हा १९८६च्या सालासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी ते साल गाडीत आहे की केवळ नोंदणीच्या पुस्तकात आहे, हे पाहिले पाहिजे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला गाडी काचेच्या पेटीत ठेवावयाची नसून चालवावयाची आहे, त्याने १९९० नंतरची, एकाच कुटुंबात राहिलेली, कमी उघडलेली आरएक्स १०० शोधावी. तिचे भाग अजूनही मिळतात, आणि देशी झालेले ते भाग एकमेकांशी जुळतातही.

राजदूत ३५०ची कथा याहून विलक्षण, आणि साल निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो तिच्याच बाबतीत. जपानमध्ये यामाहाने १९७३ साली आरडी ३५० नावाची गाडी काढली: दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गियर, पुढच्या चाकास डिस्क ब्रेक आणि ३९ अश्वशक्ती. इंजिनात इंधनाचे मिश्रण शिरण्याच्या वाटेवर पोलादी पात्यांची झडप बसविलेली असे, जेणेकरून एकदा आत गेलेले मिश्रण माघारी परतू नये. आणि वंगणाचे तेल पेट्रोलमध्ये हाताने न मिसळता स्वतंत्र पंपाने मोजून सोडले जाई. तिकडे ही गाडी तीन वर्षांत मागे पडून तिच्या जागी दुसरी आली. तोच आराखडा एस्कॉर्ट्सने १९८३ साली, म्हणजे एका दशकानंतर, राजदूत या आपल्या जुन्या नावाने भारतात उतरविला. डिस्क ब्रेक गेला आणि त्याच्या जागी पुढे सात इंचांचा ड्रम आला. शक्तीही उतरवून साडेतीस अश्वशक्तीवर आणली गेली. तरीदेखील समकालीन साडेतीनशे सीसीच्या बुलेटची शक्ती अठराच्या आसपास होती हे स्मरले, म्हणजे ही गाडी पाहून त्या काळचे तरुण का हरखले आणि त्यांचे वडील का धास्तावले, हे सहज उमगते.

१९८३ ते १९८५ या काळातील या गाडीस हाय टॉर्क, म्हणजे मिस्त्रींच्या बोलण्यातील ‘एचटी’, म्हणतात. पेट्रोल फार जाते ही तक्रार सर्वदूर झाली, तेव्हा १९८५ पासून धूर बाहेर पडण्याची वाट आवळून शक्ती सुमारे सत्तावीसवर आणण्यात आली. ती लो टॉर्क, अर्थात ‘एलटी’. १९८९ मध्ये उत्पादन थांबले आणि शिल्लक गाड्यांची विक्री त्यानंतरही काही काळ चालली. आज संग्राहक एचटीच्या मागे धावतात, आणि बाजारही तिलाच अधिक भाव देतो. परंतु नांदेड वा लातुरात राहणाऱ्या माणसाने ही धाव आंधळेपणाने धावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. हवेवर थंड होणारे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन त्या उन्हात गावातल्या गर्दीतून हळूहळू चालविले की तापते, आणि दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी किंचितही बेताल झाले तर एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा अधिक तापून दट्ट्या चिकटण्याची वेळ येते. एलटीचे इंजिन त्यामानाने सौम्य आणि खालच्या वेगात समंजस असते. शिवाय बाजारात ‘एचटी’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या गाड्यांत मूळच्या एलटीचे सिलिंडर घासून रुंद केलेल्या गाड्याही निघतात. अस्सल, कागदपत्रांशी जुळणारी एलटी ही बनावट एचटीपेक्षा शतपटीने श्रेयस्कर. आणि ही गाडी घेणाराने, ती कोणत्याही सालची असो, आधी मिस्त्री शोधावा, मग गाडी. दोन सिलिंडरांच्या पॉइंटची वेळ अचूक लावणारा कारागीर दोन्ही जिल्ह्यांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच असेल.

आता साल ओळखण्याच्या प्रश्नाकडे वळू. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मुरलेला शेतकरी विकणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता बैलाचे तोंड उघडतो, आणि दुदाती, चौदाती की जुळलेला हे स्वतः पाहून मगच वयाचा निर्णय करतो. गाडीचे दातही असेच उघडून पाहावे लागतात. ते दात म्हणजे क्रमांकाची पाटी, चौकटीवरचा चेसिस क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदणीचे पुस्तक, ज्याला सर्वत्र आरसी बुक म्हणतात.

पाटी पुष्कळ बोलते. महाराष्ट्रात १९८९ पर्यंत ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची मालिका चालू होती, १९८८च्या मोटार वाहन कायद्याचा अंमल १ जुलै १९८९ पासून सुरू झाला आणि ‘एमएच’ व त्यापुढे कार्यालयाचा अंक ही आजची पद्धत रूढ झाली. त्यात लातूरला २४, धाराशिवला २५, नांदेडला २६ आणि परभणीला २२ हे अंक मिळाले. त्यामुळे ‘१९८६चं मॉडेल आहे साहेब’ असे सांगत कोणी एमएच २६ची पाटी लावलेली आरएक्स दाखविली, तर तेथेच थांबून विचारावे की हा अंक आला कोठून? एक तर गाडी नव्या पद्धतीनंतर प्रथम नोंदली गेली असली पाहिजे, म्हणजे साल खोटे. नाहीतर ती परराज्यातून येऊन येथे नव्याने क्रमांकित झाली असली पाहिजे, म्हणजे त्या स्थलांतराचे कागद तिच्यासोबत असले पाहिजेत. तिसरी शक्यता बहुधा चांगली नसते. येथे लातूरविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून (आजच्या धाराशिवमधून) वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यापूर्वी ते जिल्ह्याचे ठिकाणच नव्हते. तेव्हा लातूरच्याच घरात आयुष्य काढलेल्या एखाद्या जुन्या जावा किंवा येझदीच्या पुस्तकात पहिली नोंद अन्य ठिकाणच्या कार्यालयाची निघाली, तर त्यात वावगे काही नाही.

चौकटीवरचे आणि इंजिनावरचे अंक पाहताना दिवसाचा उजेड, एक चिंधी आणि थोडे रॉकेल जवळ असावे. आरएक्स १००च्या या क्रमांकांचा आरंभ ‘१ एल १’ या संकेताने होतो. कारखान्याच्या ठशातील अंक एका ओळीत, समान खोलीचे आणि समान अंतरावर असतात. घासून पुन्हा ‘पंच’ केलेल्या अंकांच्या आसपासचा पत्रा पातळ आणि गुळगुळीत लागतो, एखादा अंक तिरका वा अधिक खोल बसलेला असतो. अशी शंका आली की सौदा तेथेच सोडावा. चोरीची गाडी अजाणता विकत घेणाराही चौकशीच्या फेऱ्यात सापडतो, आणि जप्त झालेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात सडते. हे दृश्य कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावयास मिळते.

पुस्तकात आणखी एक नोंद बारकाईने वाचावी ती कर्जाच्या बोज्याची. सातबाऱ्यावर जसा बोजा चढतो तसा तो आरसी बुकावरही चढतो; १९९०च्या सुमारास हप्त्यांवर घेतलेल्या कित्येक गाड्यांचे कर्ज फिटून युगे लोटली, पण बोजा उतरविण्याचा अर्ज देण्याचे राहून गेले. ज्या बँकेचे वा पतपेढीचे नाव त्यावर आहे ती संस्था आज अस्तित्वात आहे की नाही, याचा शोध सौद्याआधी घ्यावा, नंतर नव्हे. तसेच गाडीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय दप्तरात चढली आहे की नाही हेही पाहावे. जुन्या हस्तलिखित वह्यांतील पुष्कळ गाड्या तेथे आपोआप आलेल्या नाहीत, आणि ती अनुशेषाची नोंद कार्यालयाकडून करून घेतल्याशिवाय पुढचे एकही काम हलत नाही.

उदगीर-देवणीकडचा ग्राहक बिदरला आणि देगलूर-बिलोलीकडचा निजामाबादला गाडी पाहावयास जातो, हे स्वाभाविकच आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, आणि सोयरिकी, व्यापार, बोली या सर्वांतून ते नाते अद्याप टिकून आहे. मोटार कायदा मात्र ती सीमा काटेकोर मानतो. केए ३८ची किंवा एपी २५ची गाडी इकडे कायमची आणावयाची तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हवा. मग येथील कर, तपासणी आणि नवा क्रमांक. स्वस्त मिळाली म्हणून परराज्याची गाडी घेऊन तशीच फिरविणारास ही बचत पुढे महागात पडते.

इंजिनाच्या परीक्षेत प्रथम थंड इंजिन सुरू करून पाहावे. विकणाराने आधीच तापवून ठेवले असेल तर ते निवेपर्यंत थांबण्याचा धीर धरावा. सिलिंडर कितव्या बोअरवर आहे हे विचारावे. दट्टे पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळत जातात आणि त्या पायऱ्या संपल्या की नवी बाही बसविण्यावाचून गत्यंतर नसते. आरएक्स १००च्या पोटात १३२ सीसीच्या आरएक्स १३५चा सिलिंडर बसविण्याचा प्रघात फार आहे; तशी गाडी अधिक जोमदार धावते हे खरे, पण मग ती कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी होते. तेलाचा पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच तेल ओतण्याची सवयही सर्रास आढळते. पंप जागेवर असून चालू असेल, तर मागील मालकाने गाडी प्रेमाने सांभाळली याचा तो उत्तम पुरावा समजावा.

या शेवटच्या मुद्द्यास अलीकडे एक नवे महत्त्व आले आहे. मांजरेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांत पिकणाऱ्या उसापासून जे इथेनॉल निघते ते आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि त्याचे प्रमाण देशभर वीस टक्क्यांपर्यंत पोचले आहे. ऊस-उत्पादकास त्याचा लाभ आहे आणि मी त्याचे स्वागतच करतो. परंतु १९८५ किंवा १९९० सालच्या गाडीचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. त्याने जुन्या नळ्या व वायसर फुगतात, ठिसूळ होतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. आणि पाण्याचे प्रमाण वाढले तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसते. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालविल्या जाणाऱ्या गाडीत तळाचे ते पाणेरी मिश्रण वंगणाविना इंजिनात गेले, तर दट्ट्या चिकटलाच म्हणून समजा. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने इंजिनास मिळणारे मिश्रणही थोडे विरळ होते, आणि विरळ मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन अधिक तापते. यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिकही नाहीत: इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात, जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरची मेन जेट एक पायरी मोठी करून प्लगचा रंग तपासून घ्यावा, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिते करावेत. गाडी घेताना टाकीचे झाकण उघडून विजेरीने आत पाहणे मात्र विसरू नये. बाहेरून नव्या रंगाने लखलखणाऱ्या कितीतरी टाक्या आतून चाळणी झालेल्या असतात.

सालाचा आणखी एक अर्थ कायद्याने अलीकडेच निर्माण केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यात नसलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे; पण अशी गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामास नव्हे. १९७० सालच्या जावास ही वाट आजच खुली आहे. १९८३च्या राजदूतला ती २०३३ साली आणि १९८५च्या आरएक्सला २०३५ साली खुली होईल. तोवर या दोन्ही गाड्यांना साधाच नियम लागू: पहिली पंधरा वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. गाडी पाहताना शेवटचे नूतनीकरण केव्हा झाले हे विचारावे. मुदत संपून वर्षे लोटली असतील तर थकलेला कर, दंड आणि तपासणीचा खर्च हा सर्व हिशेब किमतीत धरूनच बोली लावावी.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत खरोखर चांगल्या गाड्या बाजारात क्वचितच येतात. त्या वाड्याच्या ओसरीवर, आखाड्यावरच्या गोठ्यात, निवृत्त मुख्याध्यापकाच्या पडवीत गोणपाटाखाली असतात, आणि मूळ मालक वारल्यावरच त्यांची विचारपूस सुरू होते. अशा वेळी पुस्तक अजून दिवंगताच्याच नावावर असते. मुलाने भावनेच्या भरात होकार दिला म्हणून पैसे मोजून गाडी हलवू नये. आधी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची संमती घेऊन, लग्न होऊन पुण्याला वा हैदराबादेला गेलेल्या मुलींचीसुद्धा, नमुना ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर चढवावी, आणि मग नमुना २९ व ३० वर सह्या होऊन ती आपल्या नावे करून घ्यावी. यास दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या अवधीत मिस्त्रीस एकदा सोबत नेऊन सिलिंडरचे झाकण उघडून पाहण्याची परवानगी मागावी. बहुतेक कुटुंबे ती आनंदाने देतात, कारण वडिलांची गाडी कोणाच्या हाती जात आहे हे त्यांनाही पाहावयाचे असते.